दीडशे रुपयांचा स्पोर्ट्स पॅक नेमका कितीला पडतो?

साताऱ्याहून आलेला प्रश्न असा: घरात पाच माणसं, म्हणजे नवरा-बायको, आई-वडील आणि आठवीतली मुलगी. डीटीएचचं कनेक्शन आहे आणि दोन टीव्ही आहेत. हॉलमध्ये ४३ इंची, आई-वडिलांच्या खोलीत जुना ३२ इंची. दोन्हीवर एकच पॅक चालतो आणि महिन्याला ५९० रुपये जातात. आता कंपनीकडून फोन आलाय की फक्त दीडशे रुपये जास्त भरा, स्पोर्ट्स आणि इंग्रजी सिनेमे एचडीमध्ये मिळतील. मोबाईलच्या रिचार्जबरोबर एक ओटीटी अ‍ॅपही आलेलं आहे. तर हे दीडशे रुपये वसूल होतील का?

‘हो’ किंवा ‘नाही’ सांगण्याआधी एक गोष्ट. हा प्रश्न दीडशे रुपयांचा नाहीच, कारण बिलावर दीडशे येणारच नाहीत. किती येतील ते तुम्ही तो पॅक कुठल्या टीव्हीवर घेता, किती महिने ठेवता आणि सध्याच्या ५९० रुपयांत काय काय आहे, यावर ठरतं. सगळ्यात आधी ते ५९० उलगडू.

टीव्हीच्या बिलात तीन थर असतात. पहिला नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे एनसीएफ. हे नुसत्या जोडणीचं भाडं. दुसरा थर पे चॅनलची किंमत, मग ते सुटे घ्या नाहीतर पॅकमध्ये. तिसरा १८ टक्के जीएसटी, आणि तो वरच्या दोन्हींवर लागतो. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक; त्याच्या नियमांत एनसीएफला मर्यादा होती: २०० चॅनलपर्यंत १३० रुपये, त्यापुढे १६०, आणि त्याच घरातल्या दुसऱ्या टीव्हीला पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंत. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा काढून टाकली. आता किती आकारायचे ते कंपनी ठरवते, फक्त ते जाहीर करावं लागतं. त्यामुळे तुमच्या बिलात हा आकडा किती आहे ते अ‍ॅपमध्ये बघा. इथे हिशेबासाठी मी जुनाच आकडा धरतो.

पहिल्या टीव्हीचे १३० आणि दुसऱ्याचे ५२, झाले १८२. तुमचे ५९० जीएसटीसकट आहेत, म्हणजे त्याआधीचे ५००. पाचशेतून १८२ गेले की उरले ३१८. तुम्ही म्हणता दोन्ही टीव्हीवर एकच पॅक आहे, म्हणजे तो १५९ रुपयांचा पॅक तुम्ही दोनदा विकत घेताय. बहुतेक घरांत हे कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या टीव्हीला सूट मिळते ती सहसा फक्त एनसीएफवर. चॅनलचे पैसे प्रत्येक बॉक्सला बहुतेक वेळा वेगळे आणि पूर्ण लागतात.

आता त्या दीडशेकडे येऊ. फोनवर सांगितलेली किंमत बऱ्याचदा जीएसटीशिवाय असते. १५० वर १८ टक्के म्हणजे १७७ रुपये. आणि ‘तुमच्या कनेक्शनवर चालू करतो’ म्हणून त्या माणसाने दोन्ही बॉक्सवर चालू केला, तर ३५४. वर्षाचे एका बॉक्सला २,१२४ आणि दोन्हीला ४,२४८. फोनवर तिन्ही गोष्टींचं नाव एकच, ‘दीडशेचा पॅक’. म्हणून फोनवर ‘हो’ म्हणायच्या आधी विचारायचं ते एवढंच: जीएसटी धरून किती, आणि कुठल्या बॉक्सवर?

पॅक मुळात असतो कशासाठी, हेही जरा समजून घ्या. प्रत्येक पे चॅनलची एमआरपी ब्रॉडकास्टर, म्हणजे चॅनल चालवणारी कंपनी, ठरवतो आणि ती जाहीर असते. ज्या चॅनलची एमआरपी १९ रुपयांपेक्षा जास्त, तो कुठल्याच पॅकमध्ये घालता येत नाही, सुटाच विकावा लागतो. म्हणूनच नावाजलेल्या चॅनलपैकी इतक्यांच्या किमती नेमक्या १९ वर येऊन थांबलेल्या दिसतात. आणि ब्रॉडकास्टरच्या पॅकवर सूट जास्तीत जास्त ४५ टक्के देता येते. म्हणजे पॅकमधल्या सगळ्या चॅनलच्या सुट्या किमतींची बेरीज १०० असेल तर पॅक ५५ च्या खाली येत नाही.

याचा उपयोग असा. त्या पॅकमधले तुम्ही खरोखर बघता तेवढेच चॅनल घ्या आणि त्यांच्या सुट्या किमती मिळवा. बेरीज पॅकच्या किमतीपेक्षा कमी आली तर सुटे घ्या. ५५ रुपयांच्या पॅकमधले १९-१९ चे दोनच चॅनल बघत असाल तर सुटे ३८ मध्ये पडतात, पॅक महाग. तिसरा १९ चा चॅनल आला की ५७ होतात, मग पॅक बरा. ‘४५ टक्के सूट’ हे शब्द ऐकून माणूस विरघळतो, पण ती सूट बारा चॅनलवरची असते आणि त्यातल्या नऊ चॅनलचे आकडे आपल्या रिमोटवर कधीच दाबले जात नाहीत.

मग कंपनी पॅकच का पुढे करते? त्यात लबाडी आहे असं समजू नका, ती धंद्याची रचनाच आहे. पे चॅनलच्या एमआरपीतला किमान २० टक्के वाटा वितरकाला, म्हणजे तुमच्या डीटीएच कंपनीला, मिळतो. शिवाय जास्त घरांत चॅनल पोचवला तर ब्रॉडकास्टर आणखी सवलत देऊ शकतो. सुट्या दोन चॅनलपेक्षा बारा चॅनलचा पॅक विकण्यात त्यांचा फायदा उघड आहे. फोन करणाऱ्याच्या समोरच्या स्क्रीनवर पॅकच येतात. सुटे चॅनल तुम्ही नावानिशी मागितल्याशिवाय तो सांगणार नाही. मागितले तर देणं त्याला बंधनकारक आहे.

सुट्या किमती शोधायला कुठे फिरावं लागत नाही. रिमोटवर गाइडचं बटण दाबलं की चॅनलच्या नावाशेजारी किंवा माहितीत किंमत दिसते. ९९९ नंबरवर ग्राहकांसाठी माहितीचा चॅनल ठेवलेला असतो. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ‘पॅक बदला’ अशा नावाखाली प्रत्येक बॉक्सची यादी वेगळी दिसते. तिथून दोन्ही बॉक्सच्या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे भांडायची वेळ आली तर कामाला येतो.

आता तुमच्या घराकडे. मुख्य प्रश्न क्रिकेटचा असणार, असं धरतो. ‘स्पोर्ट्स पॅक घेतला की क्रिकेट दिसतं’ हे अर्धंच खरं आहे, कारण हक्क वाटले गेलेले आहेत. आयपीएल, भारतात होणाऱ्या मालिका, आयसीसीच्या स्पर्धा आणि ऑस्ट्रेलियातले सामने स्टार स्पोर्ट्सवर असतात. इंग्लंड आणि न्यूझीलंडचे दौरे आणि आशिया कप सोनीच्या स्पोर्ट्स चॅनलवर. हक्कांचे करार संपतात आणि नवे होतात, त्यामुळे ही वाटणी कायमची धरू नका. मालिका सुरू व्हायच्या आठवडाभर आधी कुठल्या चॅनलवर आहे ते बघा आणि तेवढाच घ्या. तुम्हाला विकला जाणारा पॅक फक्त स्टारचा असेल, तर आशिया कपच्या वेळी तो तुमच्याकडे असूनही उपयोगाचा नाही.

इथे एक कोडं नेहमी पडतं. गावाकडच्या घरात डीडी फ्री डिशवर भारताची मॅच फुकट दिसते आणि शहरात महिन्याला सहाशे भरणाऱ्याच्या डीडीवर ती नसते. हे कसं? २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शनला, द्यावं लागतं. त्यात भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने येतात. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की दूरदर्शनने ते फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणातून आणि स्वतःच्या डीटीएचवरून, म्हणजे फ्री डिशवरून दाखवायचं. खासगी डीटीएच आणि केबलवरच्या डीडीवर ते येत नाही. आयपीएल या कायद्यात बसत नाही.

तर मग फ्री डिशच का घेऊ नये? घेता येईल. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, साधारण दीड-दोन हजार, महिन्याचं काही नाही. पण सध्याच्या छत्रीवर ते बहुधा चालणार नाही. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्वेला, आणि बहुतेक कंपन्यांची छत्री दुसऱ्या दिशेला रोखलेली असते. तशी असेल तर दुसरी छत्री लावावी लागेल. शिवाय तिथे सह्याद्री आणि काही मराठी चॅनल असले तरी स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी हे पैशांचे चॅनल आहेत. फ्री डिशवरच्या खासगी चॅनलच्या जागा लिलावाने जातात, त्यामुळे यादीही बदलत राहते. आई-वडिलांची संध्याकाळची मालिका चुकली तर तुम्ही वाचवलेल्या पैशांचं कौतुक घरात कुणी करणार नाही. फक्त भारताचे सामने आणि जुने सिनेमे हवे असलेल्या घराला फ्री डिश उत्तम. तुमच्याकडे ती सध्याच्या कनेक्शनच्या बदली चालणारी वाटत नाही.

खरी बचत आहे ती दुसऱ्या टीव्हीत. आई-वडील १५९ रुपयांच्या पॅकमधलं काय बघतात? अंदाज नको. आठ दिवस टीव्हीशेजारी एक कागद ठेवा आणि चॅनल बदलला की नाव लिहायला सांगा. आठ दिवसच का, तर शनिवार-रविवार त्यात यायला हवेत. रविवारी दुपारचा सिनेमा नेहमी विसरला जातो. ज्येष्ठांच्या टीव्हीचा असा कागद साधारण सारखाच निघतो: तीन मराठी मनोरंजनाचे चॅनल, एखादा सिनेमाचा, एक-दोन बातम्यांचे, एक भक्तीचा. बातम्यांचे आणि भक्तीचे बरेचसे फ्री-टू-एअर, म्हणजे फुकट, असतात किंवा काही पैशांत येतात. उरलेल्या चारांची सुटी बेरीज समजा ५४ रुपये आली. तर त्या बॉक्सवरचे १५९ चे ५४ झाले, १०५ कमी. जीएसटी धरून १२४ रुपये वाचले.

आता गंमत बघा. स्पोर्ट्सचा पूर्ण पॅक हॉलच्या टीव्हीवर १७७ ला घेतला आणि खोलीतला पॅक कापला, तर महिन्याला जास्तीचे जातात फक्त ५३. आणि पॅकऐवजी चालू मालिकेला लागणारे दोनच चॅनल, समजा १९-१९ चे, सुटे घेतले तर बिल होतं ४३३ अधिक जीएसटी, म्हणजे ५११ रुपये. क्रिकेटही आलं आणि ५९० वरून बिल खाली उतरलं.

दोन बॉक्सवर वेगवेगळे चॅनल घेता येतात, तो तुमचा पर्याय आहे. मात्र काही कंपन्यांत दुसरा बॉक्स ‘मिरर’ म्हणून जोडलेला असतो, म्हणजे पहिल्यावर जे बदलाल ते त्यावर आपोआप. आधी तो मिरर काढून स्वतंत्र करायला सांगा. आणि हेही विचारून घ्या की स्वतंत्र केल्यावर दुसऱ्या बॉक्सचा एनसीएफ सवलतीचाच राहील ना? मर्यादा उठल्यापासून इथे कंपनीगणिक फरक असू शकतो. तिथे पन्नास-साठ रुपये वाढले तर वरचा सगळा हिशेब अर्ध्यावर येतो.

एचडीचं काय? हे टीव्हीवर आणि वायरवर अवलंबून आहे. साध्या चॅनलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, एचडीचं १९२० बाय १०८०. ४३ इंची टीव्हीवर सात-आठ फुटांवरून क्रिकेट बघताना फरक लगेच कळतो, कारण चेंडू लहान आणि वेगात असतो. साध्या चॅनलवर हिरवळ पुसट होते आणि कॅमेरा वळला की चौकोन दिसतात. मालिकेत माणसं बसून बोलत असतात, तिथे ३२ इंचीवर एचडीचे जास्त पैसे भरण्यात मला काही राम दिसत नाही. बातम्यांना तर मुळीच नाही.

आणि वायर. बॉक्स आणि टीव्ही लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरने जोडलेले असतील तर तुम्ही कितीही एचडी चॅनल घ्या, चित्र साधंच दिसणार. त्या वायरमधून एचडी जातच नाही. एचडीएमआय वायर हवी, बॉक्स एचडीचा हवा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८०आय असायला हवं. टीव्ही नवा घेतला पण जुनी वायर तशीच लावली आणि वर्षभर एचडीचे पैसे भरले, हे फार घरांत सापडतं. दोनशे-अडीचशेच्या वायरसाठी.

एचडी घेतलं की त्याच चॅनलचा साधा प्रकार काढून टाका. एकाच पॅकमध्ये दोन्ही घालायला मनाई आहे, पण दोन वेगवेगळ्या पॅकमधून दोन्ही तुमच्याकडे आले तर कुणी थांबवत नाही. कंपनीचा फॅमिली पॅक आणि वर ब्रॉडकास्टरचा पॅक घेतला तर चार-पाच चॅनल दोन्हींत असतात, आणि पैसे दोन्ही पॅकचे लागतात. आणखी एक: चॅनल मोजताना एक एचडी दोन साध्यांबरोबर धरण्याची पद्धत आहे. यादी आधीच दोनशेच्या काठावर असेल तर पाच एचडी घेतल्याने ती ओलांडली जाऊन एनसीएफ वाढू शकतो. उपाय सोपा आहे. आपल्याला भाषाही कळत नाही असे आणि खरेदीचे, दागिने-कपडे विकणारे फुकट चॅनल यादीतून काढा. ते फुकट असले तरी मोजणीत धरले जातात. दूरदर्शनचे सक्तीचे चॅनल त्यात धरत नाहीत.

इंग्रजी सिनेमांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या घरात ते घेऊ नका. हे चॅनल आपल्याकडे आटत चाललेत. एचबीओने तर डिसेंबर २०२० मध्ये भारतातला चॅनलच बंद केला. जे उरलेत त्यांवर तेच सिनेमे फिरून फिरून लागतात, मध्ये जाहिराती असतात आणि शिव्या कापलेल्या असतात. पे चॅनल म्हणजे जाहिरात नाही, असा एक गैरसमज आहे. पैशांच्या चॅनललाही तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात. जाहिरात नसलेल्या म्हणून ज्या सेवा कंपनी विकते (जुने सिनेमे, रंगभूमी, पाककृती, भजनं, मुलांचा अभ्यास) त्या तिच्या स्वतःच्या असतात, त्यांना ब्रॉडकास्टरच्या चॅनलचे एमआरपीचे नियम लागू नाहीत. त्यातल्या काही चांगल्या आहेत. पण त्या पाच-दहा दिवस ‘मोफत’ चालू करून नंतर रोजचे दीड-दोन रुपये कापायची पद्धत आहे. रोजचे दोन रुपये कुणाला जाणवत नाहीत, महिन्याचे साठ होतात. रिमोटवर एक बटण दाबून मुलंही त्या चालू करू शकतात, म्हणून खरेदीला पिन लावून ठेवा. सेटिंगमध्ये पालकांच्या लॉकखाली तो पर्याय असतो. आठवीतल्या मुलीला तो पिन दोन दिवसांत कळेल हे गृहीत धरूनच लावा.

आता त्या मोबाईलबरोबर आलेल्या अ‍ॅपबद्दल. रिचार्जबरोबर मिळणारं सदस्यत्व बहुतेक वेळा फक्त मोबाईलपुरतं असतं. टीव्हीवर लॉग-इन करायला गेलं की ‘प्लॅन वाढवा’ असं येतं. जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालं तेव्हा तीन महिन्यांचे दर असे होते: फक्त मोबाईल १४९, दोन उपकरणं २९९, चार उपकरणं आणि बहुतेक ठिकाणी जाहिरातींशिवाय ४९९. दर बदलत असतात, ताजे बघून घ्या, पण पायऱ्यांची रचना हीच असते. म्हणजे ‘आमच्याकडे अ‍ॅप आहे’ याचा अर्थ ‘हॉलच्या टीव्हीवर मॅच दिसेल’ असा होत नाही. आधी टीव्हीवर लावून बघा, मग हिशेबात धरा.

अ‍ॅप टीव्हीवर चालतही असेल तर नेट कसलं आहे हा पुढचा प्रश्न. एचडी दर्जाला तासाला दीड ते तीन जीबी जातात. टी-२० सामना साडेतीन तासांचा. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाईल डेटावर हॉटस्पॉट लावून सामना पॉवरप्लेच्या पुढे फारसा जाणार नाही. घरात ब्रॉडबँडची वायर आलेली असेल तर अ‍ॅप हा खरा पर्याय आहे आणि दोन्ही ठिकाणी पैसे भरण्यात अर्थ नाही. फक्त अ‍ॅपवरचं चित्र छत्रीपेक्षा अर्धा मिनिट मागे असतं. शेजारचे आधी ओरडतात आणि मग आपल्याकडे विकेट पडते. कुणाला याने काही फरक पडत नाही, कुणाचा जीव जातो. ते तुम्ही ठरवा. उलट बाजूने छत्रीचा त्रास म्हणजे पाऊस. साताऱ्याच्या जुलैत जोराची सर आली की सिग्नल जातो, एचडीचा आधी. जून ते सप्टेंबरच्या मालिकांसाठी घरात चांगलं नेट असेल तर मी अ‍ॅपकडे झुकेन. आयपीएल बहुतेक पावसाच्या आधीच आटोपतं.

वसूल होतं का, हे बघायची माझी पट्टी तासांची आहे. महिन्याचे जीएसटीसकट पैसे भागिले घरातल्या कुणीही तो चॅनल बघितलेले तास. आयपीएलच्या दोन महिन्यांत १७७ दराने ३५४ रुपये जातात. चाळीस सामने पूर्ण बघितले तरी १४० तास होतात, म्हणजे तासाला अडीच रुपये. ही स्वस्तातली करमणूक आहे, बिनधास्त घ्या. तोच पॅक एखाद्या रिकाम्या महिन्यात, जेव्हा भारताची मालिकाच नाही आणि घरात दोन तास कसलीशी जुनी मॅच लागून राहिली, तेव्हा तासाला ८८ रुपयांना पडतो. माझ्या लेखी पाच रुपयांच्या आत असेल तर डोळे मिटून घ्यावा. तासाचा भाव वडापावच्या पुढे गेला की काढून टाकावा. मधलं ज्याचं त्याने ठरवावं. घरात फुटबॉल किंवा टेनिस नेमाने बघणारं कुणी असेल तर ही विभागणी बदलते, कारण त्यांचा हंगाम वर्षाचा बराच काळ चालतो. अशा घरात बाराही महिने स्पोर्ट्स पॅक ठेवणं शहाणपणाचं असू शकतं.

म्हणजे आतापर्यंतचं थोडक्यात: खोलीतल्या टीव्हीचा पॅक कापून सुटे चॅनल, हॉलच्या टीव्हीवर लागेल त्या मालिकेपुरते एक-दोन स्पोर्ट्स चॅनल एचडीमध्ये, इंग्रजी सिनेमे नाहीत. आयपीएलसाठी सुट्यांची बेरीज पॅकच्या वर गेली तर दोन महिने पॅक.

चालू-बंद करण्यातही गोची आहेच. चॅनल घेतल्यावर काही कंपन्या किमान ३० दिवस तो काढू देत नाहीत, किंवा काढला तरी महिन्याचे पैसे आधीच कापलेले असतात. म्हणून घेताना मालिकेच्या पहिल्या सामन्याचा दिवस धरा, जाहिरात बघून आठवडाभर आधी घेऊ नका. काढायची आठवण मोबाईलमध्ये अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवसाची लावा. हे न केल्यामुळेच पैसे जातात. पॅक घ्यायला घर उत्साहात असतं, काढायला कुणालाच आठवत नाही, आणि मे महिन्यात संपलेल्या स्पर्धेचे पैसे दिवाळीपर्यंत कापले जातात.

सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा रिचार्ज एकदम केला तर महिना मोफत, अशी ऑफर येईल. साध्या मूळ पॅकवर ती घ्यायला हरकत नाही, पण स्पोर्ट्ससकट नको. बारा महिन्यांच्या पैशांत एक महिना मोफत आणि आठ महिने न बघितलेले, असा तो सौदा होतो. घरातले सगळे महिनाभर गावाला जाणार असाल तर कनेक्शन तात्पुरतं थांबवून घेता येतं. पुन्हा सुरू करायला लहानसं शुल्क लागू शकतं, ते आधी विचारा.

तो माणूस पुन्हा फोन करेल तेव्हा त्याला साधारण असं सांगा: “पॅक नको. मला या नावाचे हे दोन चॅनल सुटे हवेत, फक्त हॉलच्या बॉक्सवर. बॉक्सचा नंबर सांगतो. दुसरा बॉक्स मिररमधून काढा, त्यावर हे चार चॅनल ठेवा. जीएसटीसकट नवं महिन्याचं बिल किती होईल आणि हे चॅनल कुठल्या तारखेनंतर काढता येतील, दोन्हीचा एसएमएस पाठवा.” हे सगळं रिचार्ज संपायच्या दोन-तीन दिवस आधी करा, रिचार्ज केल्यावर नको. आणि एसएमएसमधला आकडा ५११ च्या आसपास न येता ६०० च्या पुढे गेला, तर दुसऱ्या बॉक्सवर जुना पॅक अजून तसाच आहे, असं समजून तिथे आधी बघा.